सुयांचा रिकामा डबा

"हा डबा रिकामा दिसला की खूश होऊ नकोस. घाबर," असं तोफेने मला सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

तोफ म्हणजे माझ्या आधीची सुपरवायझर. हे नाव अर्थातच पाठीमागचं, तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी तिने किल्ल्यांचा जुडगा, हजेरीचं रजिस्टर आणि हा जाड प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि निघाली. दारापाशी थांबून एवढं एकच वाक्य बोलली. मला वाटलं, जाता जाताही हिला काहीतरी टोमणा मारायचाच असणार.

आमची लॉन्ड्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आहे. वरच्या सात मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन आणि ऑपरेशनच्या खोल्यांतली हिरवी कापडं पिशव्यांत भरून रोज सकाळी लिफ्टने खाली येतात. मशीनमध्ये टाकण्याआधी ती एका लांब टेबलावर हाताने निवडावी लागतात, कारण कापडांत काय निघेल याचा नेम नसतो. चष्मे निघतात, मोबाइल निघतात, दातांची कवळी निघते. एकदा तर अख्खं उकडलेलं अंडं निघालं होतं, सोललेलं. आणि सुया निघतात. वर कोणीतरी घाईत इंजेक्शन देतं, सुई चादरीवर राहते, चादर गुंडाळली जाते आणि खाली आमच्या कोणाच्या तरी बोटांखाली येते. सुई दिसली तर चिमट्याने उचलून डब्यात टाकायची. टोचली तर हातातलं काम सोडून तडक वर तपासणीला जायचं. नियम एवढाच.

तोफ दर शनिवारी तो डबा कानाशी धरून हलवायची. आवाज कमी आला की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "आठवड्यात दोन? वरचे सातही मजले एकदम शहाणे झाले? का तुम्ही डोळे मिटून निवडताय?" कोणाला सुई टोचली तर त्यालाही शिव्या बसायच्या, पण शिव्या देत देत ती स्वतः त्याचं मनगट धरून वर न्यायची. मी दोन वर्षं तिच्या हाताखाली होते. मला दिवस गेल्याचं कळल्यावर म्हणाली, "पोट घेऊन त्या टेबलाजवळ दिसलीस तर तंगडी मोडीन." अभिनंदन वगैरे काही नाही.

तिच्यासाठी कोणी एक मिनिट जास्त थांबत नसे. तीन वाजले की पाळी सुटायची आणि तळघर भूत लागल्यासारखं रिकामं व्हायचं.

माझ्याकडे काम आल्यावर मी ठरवलं की आपण ओरडायचं नाही. कॉलेजात व्यवस्थापनाचा एक विषय मला होता, त्यातलं थोडंफार आठवत होतं, पण खरं सांगायचं तर मला ओरडताच येत नाही. मी उभं राहून काम करणाऱ्यांसाठी स्टुलं मागवली. चादरी दाबून सरळ करणाऱ्या गरम रोलरजवळ पंखा लावून घेतला. रजा मागितली की दिली. आणि भिंतीवर एक पांढरा फळा लावला: 'सुई न टोचता गेलेले दिवस'. रोज पाळी सुटताना मी स्वतः त्यावर नवा आकडा लिहायची. पन्नासला केक आणला. शंभराव्या दिवशी वरचे साहेब पहिल्यांदाच तळघरात उतरले आणि नाकाला रुमाल लावून सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेले.

माणसं बदलली. रोलरवाले काका तोफेच्या काळात मशीन बिघडलं की सरळ वर्तमानपत्र उघडून बसायचे, ते आता स्वतः पाना घेऊन खाली वाकायला लागले. घड्या घालणारी पोरगी, आमची बडबडी, सुट्टीच्या दिवशी फोन करायची, "मॅडम, कापडांच्या गाड्या जास्त आल्यात का? येऊ का मी?" साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय जादू केलीत हो?" मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जादू कसली, तू तिथे कोणावर ओरडत नाहीस एवढंच. थोडी जादू घरी पण आण."

डब्यात पहिल्या महिन्यात बऱ्याच सुया पडल्या, मग चार-पाच, मग एखादी. मग एकही नाही. मी वरच्या प्रत्येक मजल्यावर सूचना पाठवल्या होत्या. मला वाटलं, त्यांचाच परिणाम. रिकामा डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

आता मावशींबद्दल. बावीस वर्षं त्या निवडायच्या टेबलावर आहेत. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी. चारचौघांत मला 'मॅडम' म्हणायच्या, दोघीच असलो की 'पोरी'. त्यांच्या तोंडून 'नाही' मी कधी ऐकलं नव्हतं.

माझी मुलगी बबडी चौदा महिन्यांची होती. सर्दी झाली की ताप, ताप उतरला की कान, कान बरा झाला की पोट. मी तिच्या श्वासावर लक्ष ठेवून झोपायची, म्हणजे झोपायची नाहीच. कामावरून निघताना कोपरापर्यंत हात धुवायची, चपला दाराबाहेर ठेवायची, अंगावरचे कपडे बदलल्याशिवाय तिला घ्यायची नाही. आमची पाळी सातला सुरू व्हायची आणि पाळणाघर सव्वासातला उघडायचं. ती पंधरा मिनिटं रोज मावशीच सांभाळायच्या. बबडीला बरं नसलं की पंधराची तीस व्हायची, तिसाची चाळीस. मी रस्त्यातून फोन करायची.

"मावशी, आज जरा..."

"अगं पोरी, सावकाश ये. मी आहे ना."

त्या तीन शब्दांवर मी इतके महिने डोकं टेकून होते.

तो बुधवार होता. पाळणाघरातून दुपारी फोन आला की पाणी गेलंय, मुलांना घेऊन जा. मी तिला आणून माझ्या काचेच्या खोलीत बसवलं. तळघरातली हवा तिला लागू नये म्हणून दाराची फट मी ओल्या फडक्याने बंद केली होती, सांगायला लाज वाटते. अडीच वाजले होते. निवडायचं काम उरकलं की मावशी अंघोळ करून, घरचे कपडे घालून खोलीच्या दारात यायच्या, तशा आल्या. बबडीने त्यांना बघून दोन्ही हात पसरले. ती माझ्या आईकडेही एवढ्या पटकन जात नाही.

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आज नको गं. सर्दी झालीय मला."

नाक वाहत नव्हतं, आवाजही बसला नव्हता. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते. मनात आलं, हिला काय झालंय, आणि ते माझ्या पोरीला लागेल का? मी बबडीला जवळ ओढलं. मावशींनी ते पाहिलं. बबडी रडायला लागली.

मग चहा आला. मावशींनी कप डाव्या हातात घेतला. मी आपली बघत होते, बघायची सवयच आहे मला. उजव्या हातावर रबरी मोजा तसाच होता. घरचे कपडे, ओले केस, आणि एका हातावर मोजा. आमच्याकडे चहाला कोणी मोजा ठेवत नाही. पाच तास त्यात हात उकडल्यावर तो काढणं हाच अर्धा चहा असतो.

"मावशी, मोजा काढा."

"राहू दे. परत घालायचा कंटाळा."

"पाळी सुटायला आलीय. परत कशाला घालायचाय?"

त्यांनी फुंकर मारून चहा प्यायला. मग कप खाली ठेवला आणि एकेक बोट सोडवत मोजा काढला. तर्जनीच्या मुळाशी चिंधी बांधली होती, आमच्याच जुन्या चादरीची.

"कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी किती वाजता?"

"तू आली नव्हतीस अजून."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. वेळ विचारली म्हणून वेळ सांगितली. सोमवारी बबडीला ताप होता आणि मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले होते. टेबलावरच्या दुसऱ्या बाईला मी काही न विचारता रजा दिली होती. दोघींचं काम आणि माझी देखरेख, तिन्ही मावशींच्या अंगावर होतं. हिरव्या कापडांची पिशवी त्यांनी घाईत उघडली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"उद्या दोनशे होतायत ना," त्या फळ्याकडे बघत म्हणाल्या. "साहेब येणार. तू चार दिवस झाले काय बोलायचं ते लिहितेयस, खोडतेयस. मी म्हटलं, माझ्या एका बोटापायी पोरीची मान कशाला खाली घालायची?"

"मावशी, अहो..."

"तोफ असती तर सुई तिच्या तोंडावर फेकली असती मी. तुझं तसं नाही. तुझ्यासाठी जीव तुटतो गं आमचा."

मला नियम पाठ होता. सुईतून लागणाऱ्या सगळ्यात वाईट आजारासाठी, एचआयव्हीसाठी, गोळ्या असतात, पण त्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. मी बोटांवर मोजलं. सोमवारी सात-सव्वासात. मंगळवार, बुधवार. पंचावन्न तास होऊन गेले होते. सतरा उरले होते.

बबडी माझ्या कडेवर होती. मी बाहेर आले आणि समोर रोलरवाले काका दिसले, त्यांच्या हातात तिला दिलं. घाम पुसलेला, तेलाने काळा झालेला हात. हात धुवा असं म्हणायचंही मला सुचलं नाही.

मालाच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि मध्ये रिकामी गाडी. मावशी म्हणाल्या, "फळा पुसू नकोस हं आजच. दोनशे होऊ देत, मग काय ते सांगू." मी त्यांचं मनगट धरलं होतं. तोफ धरायची तसंच, हे मला नंतर लक्षात आलं.

वरची डॉक्टर माझ्याच वयाची होती, डोळ्यांखाली काळं, पेन दातात.

"सुई आहे का?"

"फेकून दिली," मावशी म्हणाल्या.

"कोणत्या पेशंटची, काही कल्पना?"

"पिशवीवर कुठे नाव असतं बाई."

"पंचावन्न तास थांबलात? इथेच, याच इमारतीत काम करता ना तुम्ही?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी थाप मारणार होत्या, मला दिसत होतं, आणि तीसुद्धा माझ्याच बाजूची.

"माझ्यामुळे थांबल्या," मी म्हटलं.

डॉक्टरने मान वर केली नाही. लिहीत राहिली. रक्त घेतलं, पहिली गोळी तिथेच समोर घ्यायला लावली. अठ्ठावीस दिवस रोज गोळ्या, सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी परत. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," ती म्हणाली. "त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही."

खाली आलो तेव्हा पाळी सुटून गेली होती, पण एकही जण घरी गेला नव्हता. मी फळ्यापाशी गेले आणि तळहाताने आकडा पुसला. शून्य लिहिलं. मशीन बंद असल्यामुळे त्या पेनचा खडूसारखा आवाजही ऐकू आला.

काका पुढे आले. बबडीला त्यांनी बडबडीकडे दिलं आणि रोलरच्या मागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कॉफीची काचेची बाटली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. अर्धी बाटली सुयांनी भरली होती.

"हे काय, काका?"

"मॅडम, रागावू नका."

"मी कधी रागावते?"

"तेच तर," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात एकदा एका दिवसात तीन निघाल्या. तुम्ही म्हणालात, 'अरेरे, परत?' एवढंच म्हणालात. पण तुमचा चेहरा असा पडला की आम्हालाच कसंतरी झालं. मग हळूहळू सगळ्यांनी ठरवलं, डब्यात नको टाकायला. टाकायच्या, पण इथे."

मला तो 'अरेरे' आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही.

बडबडी बबडीला थोपटत उभी होती आणि पहिल्यांदाच गप्प होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तुलाही?"

"झाले की दोन महिने, मॅडम. काही झालं नाही मला. बघा ना, ठणठणीत आहे." आणि रडायला लागली. तेवीस वर्षांची आहे. तिचे बहात्तर तास केव्हाच गेले होते. तिला घेऊन मी परत वर गेले. तीच डॉक्टर होती. तिने आम्हाला बघून पेन खाली ठेवलं.

साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं. "एक दिवस थांबता आलं नसतं का?" ते म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे, तपासणी नव्हे हो, फळ्याचं म्हणतोय मी."

बडबडीचा रिपोर्ट चांगला आला. तिने तो रोलरच्या पंख्यासमोर झेंड्यासारखा फडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून परत बोलायला लागली.

मावशींना गोळ्या सोसेनात. उलट्या, चक्कर, तोंडाला चव नाही. मी त्यांना महिनाभर घरी बसायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला त्या टेबलापाशी हजर, चेहरा चादरीसारखा पांढरा, मोजे चढवत होत्या.

"मावशी, घरी जा."

"बसवत नाही गं घरी. दुसरी बाई नवी आहे, तिला काय कळतंय? मी आहे ना."

"घरी जा."

"तू बबडीला सोड सावकाश, मी..."

आणि मी ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही, त्यात तंगडी होती. पिशवी उचलणारे हात थांबले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तोफ परत आली." मावशींनी मोजे काढले, घडी करून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता गेल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी बबडीला जेवू घातलं, भांडी घासली आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. नवऱ्याने विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, "मी ओरडले." तो म्हणाला, "मग? माझ्यावर रोज ओरडतेस." त्याला समजावून सांगायला तास लागला असता.

शेवटी एकदा मी तोफेला फोन केला. वर्षभरात पहिल्यांदा. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"किती आहेत डब्यात?"

"या आठवड्यात नऊ, बाई."

"बरं." मग, "कोणाला टोचली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाटलीचंही. मला वाटलं आता तोफ डागली जाणार. ती म्हणाली, "मी कोणाला आवडत नव्हते गं. ती एक सोय होती. माझा चेहरा पडेल म्हणून कोणी काही लपवलं नाही." आणि मग, "तुझी पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. मी दमलेय, बाई."

"दमशीलच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला तोफ होता येत नाही. तो आवाज माझ्या गळ्यात नाही, एकदाच निघाला आणि दोन दिवस घसा दुखला. पाळी आता साडेसातला सुरू होते. त्यासाठी साहेबांशी तीन वेळा भांडावं लागलं. फळा काढून टाकलाय, भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन राहिलाय. शनिवारी मी डबा कानाशी धरून हलवते आणि आवाज कमी आला की रोलरच्या मागे जाऊन बघते. रजा मागितली की आधी विचारते, तुझ्या जागी कोण. 'मी करते मॅडम, काही नाही त्यात' असं कोणी म्हटलं की मी काम थांबवून तिच्यासमोर जाऊन उभी राहते. लोकांना याचा कंटाळा येतो. परवा काका म्हणाले, "मॅडम, आधी तुम्ही बऱ्या होतात." हसत म्हणाले, पण म्हणाले.

मावशींची सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली. तीन महिन्यांची सोमवारी आहे. त्या कामावर परत आल्यात, निवडायच्या टेबलावर नाही, घड्यांच्या. बबडीला अजून घेत नाहीत. "सोमवार होऊ दे," म्हणतात आणि लांबून चुटकी वाजवतात. मी कितीदा सांगितलं, असं घेतल्याने काही होत नाही, डॉक्टरही तेच म्हणाली. त्या मान हलवतात आणि हात पाठीमागे नेतात. त्या दिवशी मी पोरीला जवळ ओढलं होतं, ते त्या विसरलेल्या नाहीत, आणि मीही नाही.

तुमच्याकडेही एखादी मावशी असेल. ऑफिसात असेल, दुकानात असेल, शाळेत असेल, कदाचित घरातच असेल. तुम्ही फोन केलात की 'सावकाश ये, मी आहे ना' म्हणणारी. हे वाचून झालं की तिच्याकडे जा. फोन नको, फोनवर ती 'काही नाही गं' म्हणेल आणि तुम्हाला ते खरं वाटेल. समोर जा. चहा कोणत्या हाताने पितेय ते बघा, आणि मोजा काढायला सांगा.